दोरातली ओढ

तू विचारलंस ते असं : "सर, बाहेरच्या देशांतले लोक सांगतात की माशीच्या गळाने रानटी ट्राउट धरायला शिकलं की जगणं कळायला लागतं. तुम्ही इतकी वर्षं पूर्णगडच्या खाडीत गरवताय, हिमाचलला जाऊन ट्राउटही धरून आलात. खरंच काही कळतं, की मासा लागला नाही म्हणून घातलेली ती समजूत असते?"

कळतं. मला एक गोष्ट कळली, आणि ती कळायला मध्ये वीस-बावीस वर्षं गेली. संयमाबद्दल सगळेच बोलतात, म्हणून तो आधी बाजूला ठेवतो. सकाळपासून धीर धरून बसलेली आणि संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन घरी गेलेली माणसं मी गावखडीच्या पुलाखाली कितीतरी पाहिली आहेत, आणि पहिली काही वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो. नुसत्या धीराने मासा लागत नाही.

ट्राउट आपल्याकडे नाही, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सांगतो. हा थंड पाण्याचा मासा. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस व्हायला लागतो, आणि आपल्या नद्या उन्हाळ्यात तिशीला टेकतात. तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातला, इंद्रधनुषी ट्राउट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी काश्मीर, कुलू, निलगिरी अशा थंड जागी आणून ते वाढवले. रानटी ट्राउट म्हणजे हौदात खाद्य घालून वाढवून सोडलेला नव्हे, तर त्याच नदीत, तिथल्याच गोट्यांमध्ये जन्मलेला. हौदातला मासा वर हललेली सावली बघून खाद्याच्या आशेने जवळ येतो. रानटी मासा त्याच सावलीने पळतो.

त्याचं खाणं म्हणजे मुख्यतः किडे. नदीच्या तळाला दगडांखाली वाढणारे काही किडे असे आहेत की त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली जातं, मग ते वर येतात, पंख फुटतात, आणि पंखांचं आयुष्य एखाद्या दिवसाचं असतं. त्या पंखवाल्या रूपाला खायला तोंडही उरलेलं नसतं. अशा किड्याची नक्कल गळाच्या बारीक आकड्यावर पिसं आणि रेशीमधागा गुंडाळून करतात. तिलाच माशी म्हणायचं. यात आपल्या सह्याद्रीचा एक धागा आहे, तो तुला मुद्दाम सांगतो. आपल्या घाटात पहाटे ओरडणारा राखी रानकोंबडा तू ऐकला असशील. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब गोठल्यासारखे पिवळसर ठिपके असतात. ती पिसं माश्या बांधणाऱ्यांना इतकी हवी असायची की आपल्याकडून ती परदेशात जात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आता तो पक्षी संरक्षित आहे. मी स्वतः माशी बांधतो ती साध्या गावठी कोंबड्याच्या पिसांची, आणि माशाला तेवढं पुरतं.

माझा एक विद्यार्थी नोकरीनिमित्त कुलूला होता. २००९ च्या ऑक्टोबरात त्याने मला तीर्थन नदीवर नेलं. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्यांचा अंडी घालायचा काळ. म्हणून दसरा झाल्या झाल्या गेलो. मत्स्यखात्याचा परवाना काढला, भाड्याचे रबरी बूट चढवले आणि पाण्यात उतरलो. बर्फाचं पाणी, गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत ते कळेना. तळाचा गोटान् गोटा दिसत होता. खाडीच्या गढूळ पाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते इतकं उघडं पाणी बघून कसंसंच होतं. मला मासा दिसतोय, म्हणजे त्यालाही मी दिसतोय.

इथे माझं गणित-विज्ञान थोडं कामाला आलं. पाण्याखालून वर बघणाऱ्याला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, सुमारे ९७ अंशांच्या. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा. काठावरचा माणूस त्या खिडकीच्या कडेला दिसतो, आणि जितका वाकून राहील तितका दबून दिसतो. हे मी वर्गात फळ्यावर किरणांच्या आकृत्या काढून वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पण त्या दिवशी गुडघ्यावर बसून, एका माशाच्या मागून, खालच्या अंगाने सरकताना पहिल्यांदा वाटलं की ही आकृती कुणाच्या तरी डोळ्यातून काढलेली आहे.

बरोबर तिथला एक गावकरी होता, माझ्याहून लहान, हिंदीत फार थोडं बोलणारा. त्याने पहिला तासभर मला फक्त दोर फेकायला लावलं. आपल्या गळाला शिसं असतं आणि शिशाच्या वजनावर दोर जातो. माशीला वजनच नसतं. वजन असतं ते जाड दोराला, आणि फेकायचा असतो तो दोरच. काठी मागे नेली की दोर मागे हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे. मी थांबत नव्हतो. दोन माश्या चाबकाच्या टोकासारख्या फटकन तुटून गेल्या. तो काही बोलला नाही, तिसरी बांधून दिली.

मग खरा मासा. पलीकडच्या काठाला म्हशीच्या पाठीएवढा दगड होता, त्याच्या आडोशाला संथ पाण्याचा पट्टा, आणि तिथे एक तपकिरी ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा. ट्राउट असेच उभे राहतात : स्वतः संथ पाण्यात, आणि जवळून वेगाचं पाणी खाणं घेऊन जातंय तिकडे नजर. शेपटी जेमतेम हलत होती. दर मिनिटाला एकदा वर येऊन काहीतरी टिपत होता, आणि पाण्यावर पावसाचा थेंब पडावा एवढंच वर्तुळ उठत होतं. मी माशी फेकली. बरोबर त्याच्या वरच्या अंगाला दोन हातांवर पडली. वाहत त्याच्याकडे आली. आणि ऐन वेळी माशीच्या मागे पाण्यावर एक बारीकशी रेघ उठली, पुढे होडी आणि मागे लाट असावी तशी. मासा जागचा हलला नाही. पुन्हा फेकली, पुन्हा तेच. सहा-सात वेळा. आठव्या वेळी मासा तिथे नव्हता.

मी माशी बदलायला म्हणून डबी उघडली, तर तो गावकरी म्हणाला, "मक्खी ठीक है साहब. डोर देखो."

त्याने दाखवलं ते असं. माझ्या आणि त्या संथ पट्ट्याच्या मध्ये नदीचा जोराचा प्रवाह होता. माशी संथ पाण्यात पडत होती, पण दोर पडत होता वेगाच्या पाण्यात. वेगाचं पाणी दोराला पोटातून पुढे न्यायचं, दोर ताठ व्हायचा आणि माशीला ओढायचा. खरा किडा पाण्याच्या चालीने वाहतो. माझी माशी माझ्या चालीने जात होती. इतकाच फरक, दोन बोटांचा, आणि तेवढ्याने मासा ओळखत होता की हिच्या मागे कुणीतरी आहे. उपाय साधा आहे. दोर पाण्यावर पडला की मनगट वळवून त्याचं पोट वरच्या अंगाला उलटं टाकायचं, म्हणजे प्रवाह ते पोट पुन्हा खाली आणेपर्यंत माशीला तीन-चार सेकंद मोकळी मिळतात. सगळी विद्या त्या तीन-चार सेकंदांसाठी.

'ओढ' हा आपला शब्द बघ. दोराला पडते ती ओढ, आणि मनाला लागते तीही ओढ. तिथे पाण्यात उभं राहून मला हा शब्द दोन्ही अर्थांनी एकदम दिसला. मला तो मासा फार हवा होता. ते हवं असणं काठीतून, दोरातून त्याच्यापर्यंत पोचत होतं.

आणि हे मला वीस-बावीस वर्षांपूर्वी खाडीवर सांगून झालं होतं.

मी १९८६ साली शाळेत लागलो, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी खाडीवर जायचो. पलीकडच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे दालदी, म्हणजे मुसलमान मच्छीमार, गृहस्थ रोज ओहोटीला एका ठरावीक जागी येत. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणायचो. काठी नाही, रीळ नाही. लाकडाच्या फळकुटाला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, आणि पुढे एक गरी, म्हणजे आकडा. माझ्याकडे मुंबईहून आणलेली फायबरची काठी. चाचांना तांबोशी लागायची, मला खरबीसुद्धा लागत नव्हती. एक दिवस त्यांनी माझा दोर हातात घेऊन बघितला, शिशाची गोळी बोटाने टिचकावली आणि म्हणाले, "शिसं काढ. जाऊ दे तिला तिच्या वाटेनं."

'तिला' म्हणजे कोळंबीला. त्यांनी जिवंत कोळंबी घेतली, डोक्याच्या करवती शिंगाखालून गरी घातली, आतला काळा ठिपका टाळून, कारण तिथे लागली की ती मरते. मग दोर हाताने वावभर सैल पाण्यात सोडला आणि कोळंबी खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीतून, निघणाऱ्या ओहळात ठेवली. टाकली म्हणत नाही मी, ठेवली. ओहोटीचं पाणी तिला तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांकडे घेऊन गेलं. ओहोटीला खाजणातलं पाणी आटत जातं तशी आत शिरलेली बारीक मासळी आणि कोळंबी ओहळाच्या तोंडातून बाहेर पडते, आणि तांबोशी तिथेच मुळांच्या अंधारात टपून असते. तिच्यासमोरून शेकडो कोळंब्या जात असतात. त्यांत एकच शिशाने तळाला खिळलेली दिसली तर ती कशी घेईल?

मी शिसं काढलं. त्या आठवड्यात मला पहिली तांबोशी लागली. पण मी ते एक युक्ती म्हणून घेतलं. 'तांबोशीला शिसं लावायचं नाही' असं वहीत लिहून ठेवलं. चाचांनी मला जे दिलं होतं त्यातलं मी एवढंच उचललं. ते पुढे काही वर्षांनी गेले, आणि तीर्थनहून परतताना गाडीत मला त्यांची ती टिचकी आठवत राहिली.

परत आल्यावर वर्गात काय झालं ते सांगतो. नववीला एक मुलगा होता, खारव्यांच्या वाडीतला. फळ्याजवळ बोलावलं की गप्प. मी प्रश्न विचारायचो, दोन सेकंद थांबायचो, मग "अरे सोपं आहे", मग इशारा, मग अर्धं उत्तर, मग आवाज थोडा चढलेला. मला मनापासून वाटत होतं की त्याला यावं. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याला ऐकू येत असणार ती माझी ओढ, प्रश्न नव्हे. तीर्थननंतर मी एक केलं. प्रश्न विचारला की खडू खाली ठेवायचा, खिडकीशी जायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं. वर्गात वीस सेकंद फार मोठे असतात, बाकीची पोरं चुळबुळ करतात. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात, मी सतरावर असताना, मागून खडूचा आवाज आला. त्याने समीकरणाची एक बाजू सोडवली होती. चूक होती, चिन्ह चुकलं होतं. पण ती त्याची होती. त्याआधीच्या तेवीस वर्षांत किती मुलांच्या तोंडचं उत्तर मी असं ओढून काढलं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

सैल सोडणं म्हणजे सोडून देणं मात्र नव्हे. यात पुष्कळ लोक चुकतात, म्हणून इथे जरा थांबतो. दोर अगदीच ढिला पडला तर मासा माशी घेतो, पिसं आहेत हे त्याला कळतं आणि तो ती थुंकतो. हे सगळं एका सेकंदात होतं आणि तुला पत्ता लागत नाही. दोर इतकाच सैल हवा की त्याला ओढ जाणवू नये आणि तुला तो जाणवावा. चाचा तंगूस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरायचे, अगदी अलगद. खिडकीशी उभा राहून मी वीस मोजायचो तेव्हा माझा कान पूर्ण त्या पोराकडे असायचा. तसंच ते.

आणि मासा लागल्यावर गोष्ट उलटते. तीर्थनवर शेवटच्या दिवशी मला वीतभराचा एक ट्राउट लागला. टोकाचा दोर केसासारखा. तो पळाला की पळू द्यायचं, दमला की गोळा करायचा. तांबोशीला असं केलंस तर ती गेली. ती घेते तीच मुळात मुळांकडे वळत, आणि पहिल्या दोन-तीन हातांतच तिला रोखावं लागतं. एकदा मी ट्राउटवाल्याच्या थाटात तिला मोकळीक दिली. तिने तिवरांच्या मुळांना दोन वेढे दिले, तंगूस माझ्या बोटावरून कापत गेला आणि तुटला. गरी तिच्या तोंडात राहिली, हे मला बोटापेक्षा जास्त लागलं. म्हणजे कधी सैल आणि कधी ताठ हे मासा ठरवतो, जागा ठरवते. एकाच नियमाने दोन्हीकडे चालत नाही.

वेळेचं तुला पाठ असेलच, तरी सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीच्या मुखाचा हा ढोबळ हिशेब, आत पाणी थोडं उशिरा फिरतं. आपल्या सवडीने खाडीवर जाणाऱ्याला खाडी काही देत नाही. ट्राउटचंही तसंच, किडे उठायची वेळ असते ती असते.

धरलेल्या माशाचं काय करायचं, हाही तुझ्या प्रश्नाचा भाग आहे असं मी धरतो. मी मासे खातो. ज्यांचं पोट खाडीवर आहे त्यांना मी काही सांगायला जात नाही. पण आपण हौसेने गरवणारे, आपल्याला निवड आहे. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणजे दोन हात लांब, दहा किलोचा जिताडा धरून जो फोटो काढतात ती जवळजवळ नेहमी अंड्यांची मोठी मादी असते. हे मला कळलं तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो, आणि त्याआधी अशा दोन माद्या मी आनंदाने घरी नेल्या होत्या. पावसाच्या पहिल्या सरींना चढणीचे मासे शेतात चढतात तेव्हा सगळं गाव धावतं. त्यांच्याही पोटात अंडीच असतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात त्या याच कारणाने, पण शेताच्या बांधावर कुणी अडवायला नसतं. मी आता चढणीला जात नाही. घरात त्यावरून नाराजी झाली, अजूनही होते.

सोडायचा असेल तर नीट सोड. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाक. हात ओले कर, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर म्हणजे त्याचं चिलखत. पाण्याबाहेर कमीत कमी ठेव. पाण्यात धरताना तोंड प्रवाहाकडे, खालून आधार दे, दाबू नकोस. तीर्थनवरचा तो वीतभर ट्राउट असा माझ्या ओंजळीत उभा होता. कुशीवर तांबडे ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. कल्ले उघडत-मिटत होते. मी हात उघडलेलेच होते, तरी तो लगेच गेला नाही. मग शेपटी एकदा हलली आणि ओंजळीत नुसतं थंड पाणी राहिलं.

तुला हिमाचलपर्यंत जायची आत्ता गरज नाही. कोजागरीनंतरच्या अष्टमीला ये. भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी असतं, सावकाश चालतं, शिकायला बरं. सकाळी सहाला भरती, म्हणजे साडेसहा-सातला पाणी परतायला लागेल. तेव्हा आपण ओहळाच्या तोंडाशी असायला हवं. कोळंबी आदल्या संध्याकाळी पागणाऱ्या, जाळं फेकणाऱ्या, पोरांकडून घे आणि खाडीच्याच पाण्यात ठेव, नळाच्या नको. काठी माझी वापर. शिसं आणू नकोस.